नाकाला पदर

“मालन, तुझी सून बघ. परत नाकाला पदर लावून उभी आहे.”

गोदाक्का असं म्हणाली आणि मिरच्यांची देठं काढत बसलेल्या सगळ्या बायका माना वळवून ऊर्मिलेकडं बघायला लागल्या. चैत्राचं ऊन, आमच्या परड्यातली चूल, चुलीवर माझी मोठी लोखंडी कढई आणि कढईत धने. ऊर्मिला पाण्याच्या हौदाला टेकून उभी होती. पदराचं टोक नाकावर धरलेलं, वर नुसते डोळे.

“तिची जुनीच खोड आहे ती,” मी झारा फिरवत म्हटलं. “महाराणींना कोथिंबिरीचा ढेकणासारखा वास येतो. म्हणजे आम्ही बाकीचे सगळे पिढ्यान्‌पिढ्या ढेकूणच खात आलोय.”

बायका खो खो हसल्या. शेजारची कुणीतरी म्हणाली, “कोकणातली ना ती, तिकडं माशाचा वास चालतो, कोथिंबिरीचा नाही.” परत हसणं. मीही हसले, पण हसता हसता तिच्या पदरावरची नजर मी काढली नव्हती. हात झारा फिरवत होता, तोंड गप्पा मारत होतं आणि डोळे तिच्यावर. थोड्या वेळानं तिनं पदर नाकावरून काढला, खांद्यावर टाकला आणि हौदातलं पाणी तांब्यात घ्यायला वाकली. मी लगेच कढई उतरवली आणि धने परातीत ओतले.

गोदाक्कानं चार धने तळहातावर चोळले, हुंगले. “बरोबर,” ती म्हणाली. “अगदी बरोबर काढलेस. काय नाक आहे बाई तुझं.”

आता सांगूनच टाकते. त्या दिवशी मला कसलाही वास येत नव्हता.

पौषात मला ताप आला होता. सर्दी, डोकं जड, आठवडाभर अंथरुणात. ऊर्मिलेनंच सगळं केलं, धने-जिरे उकळून गाळून त्याचं पाणी करून पाजलं, डोक्यावर घड्या ठेवल्या. ताप उतरला, सर्दी गेली, पण जेवण काही गोड लागेना. म्हटलं तोंडाला चव नाही, येईल हळूहळू. मग एक दिवस गॅसवर दूध आटून, करपून, पातेल्याचा कोळसा झाला आणि मी तिथंच दोन हातांवर लसूण सोलत बसलेली. ऊर्मिला परड्यातून धावत आली. “आत्या, जळतंय की.” मी म्हटलं, लक्ष नव्हतं गं. ती पातेलं घासायला घेऊन गेली तशी मी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. रॉकेलची बाटली उघडली. काही नाही. मग धन्यांचा डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं. डब्यात बघत राहिले नुसती. धने दिसत होते, एवढंच.

बहिणीला भेटायला जाते असं सांगून मी सांगलीला एका डॉक्टरकडं जाऊन आले. त्यानं नाकात बॅटरी मारून बघितलं. म्हणाला, “तापात आतली नस दुखावली आहे. येईल तर येईल वास. नाही आला तर सवय करून घ्या. तसं काही अडत नाही वास नसला तर.” त्याचं काय अडणार होतं? माझं सगळंच अडणार होतं.

आमच्या विट्यात तेव्हा उन्हाळ्याच्या मसाल्याला मालनकाकूशिवाय पान हलत नसे. बायका घरून मिरच्या, खोबरं, खडा मसाला घेऊन यायच्या, देठं काढायला बसायच्या आणि भाजायचं काम माझं. मी भाजून दिलं की मग ते डंकावर कुटायला जायचं. मिरची डोळ्यांनी कळते. खोबरं रंगावर कळतं. तीळ उडायला लागले की झाले. पण धने? कांदा-लसूण मसाल्यात सगळ्यात जास्त पडतात ते धने, आणि ते कळतात फक्त वासावर. रंगाचा भरवसा नाही, कारण नवे धने हिरवट असतात, जुने आधीच तांबूस असतात. कच्चे राहिले तर मसाल्याला उग्र वास मारतो आणि श्रावणात त्यात पोरकिडे होतात. जरा पुढं गेले की वर्षभर घरातली प्रत्येक आमटी कडवट. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो तो एक क्षण असतो, तो धरता आला पाहिजे. मला तो धरता यायचा. मला दुसरं काय येत होतं? शाळा अर्धवट सुटलेली, रूप बेताचं, गळा असा की आरतीला सुद्धा बायका म्हणायच्या मालन तू टाळ्याच वाजव. हे एक नाक होतं, त्याच्यावर मी गावात ताठ चालत होते.

म्हणून कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. कुणाचे डोळे गेले तर लोक हात धरतात. पण मला वास येत नाही हे कुणाला सांगायचं म्हटलं की आपल्याला काही घाणेरडं दुखणं झालंय असं वाटायचं. पुढं काही वर्षांनी ती मोठी साथ आली आणि घरोघरी लोकांचे वास गेले, तेव्हा माणसं कट्ट्यावर बसून एकमेकांना सांगायची, माझा पंधरा दिवस गेला होता, तुझा किती? हसत हसत सांगायची. तेव्हा मी उठून आत जाऊन बसायचे. असं हसत सांगता येतं हे मला माहीतच नव्हतं.

तर माघात घरच्यापुरते धने भाजायला घेतले. आणि बघते तर शेगडीपलीकडं ऊर्मिला भाकरीचं पीठ मळता मळता थांबून पदर नाकाला लावून उभी. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पंगतीत कोथिंबिरीची वडी तिनं पानाच्या कडेला सरकवली होती, ढेकणासारखा वास येतो म्हणाली होती, तेव्हापासून तो आमच्या घरातला विनोद होऊन बसला होता. भाजीवर कोथिंबीर पेरली की तिची वाटी आधी बाजूला काढावी लागायची. मी मनात म्हटलं, आता हिला सुक्या धन्यांचाही वास सोसेना झाला. तेवढ्यात तिनं पदर काढला. काय वाटलं कुणास ठाऊक, मी गॅस बंद केला. एक धना दाताखाली धरला. कुरकुरीत, खुसखुशीत, नेमका. दुसऱ्या खेपेलाही तसंच. कच्चा वास असेपर्यंत पदर वर, खमंग वास सुटला की पदर खाली.

मला देव पावला असं वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून धने कढईत पडायच्या आधी मी ऊर्मिलेला हाक मारायचे. पाणी आण, फडकं दे, इथंच थांब, हाताखाली लागतं कुणीतरी. आणि ती समोर का उभी असते हे कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून तिची थट्टा करायचे. सगळ्यांनी तिच्या पदराला हसावं, म्हणजे मी पदराकडं बघते हे कुणी बघणार नाही. आणि खरं सांगायचं तर थट्टा करताना मला मजाही यायची. बिचारीला काय माहीत, असं वाटायचं. आपण किती हुशार.

त्या हुशारीचं फळ त्या दिवशी परड्यात माझ्या पदरात पडलं. परातीतले धने निवत होते आणि गोदाक्का उठता उठता म्हणाली, “परवा माझ्याकडं ये मालन. आमच्या नातीच्या, पल्लवीच्या लग्नाचा मसाला आहे. पंगतीचाही त्यातच होईल आणि पोरीबरोबर सासरी द्यायचा तोही. माझ्या अंगणात भाज, म्हणजे पोरीला बघता येईल.”

“येते की.”

“आणि ह्या तुझ्या सुनेला आणू नको.”

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. “ती हाताखाली लागते मला.”

“हाताखाली माझ्या सुना आहेत. लग्नाचं अन्न आहे बाई ते, त्याच्यासमोर नाक मुरडून उभं राहिलेलं मला चालायचं नाही. सगळा गाव हसतोय तिला, तूच तर सांगत असतेस. राग मानू नको.”

गोदाक्कावर राग कसा धरणार? मी लग्न होऊन ह्या गल्लीत आले तेव्हा धने भाजायला मला तिनंच शिकवलं होतं. एका मुठीत कच्चे, एका मुठीत भाजलेले धरायची आणि विचारायची, ह्यात काय, त्यात काय. चुकले की मनगटावर चापट. आता तिचे खांदे गेले होते, झारा फिरवणं होत नव्हतं, म्हणून ती माझ्या हातचं घ्यायची आणि अभिमानानं चारचौघींना सांगायची की मालन माझी चेली.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही धड. ऊर्मिला भांडी आवरता आवरता म्हणाली, “आत्या, परवा मी येऊ का? लांब बसून नुसती देठं काढते.”

“तुला बोलावलं नाही,” मी म्हटलं. “ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग? कशाला पुढं पुढं करतेस? लोकांच्या घरी जाऊन नाकाला पदर लावायचा आणि वर विचारायचं येऊ का.”

तिनं उरलेली भांडी पालथी घातली. मी तिच्यावर का चिडले होते ते मला ठाऊक होतं, तिला ठाऊक नव्हतं असं मला वाटत होतं.

परवाच्या दिवशी सकाळीच मी पिशवी भरून निघाले. गोदाक्काचं घर मारुतीच्या देवळामागं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी फाटक. मांडव अजून पडायचा होता. चूल पेटलेली, बायका जमलेल्या, नवरीमुलगी पल्लवी नव्या बांगड्या सावरत माझ्या शेजारी पाटावर येऊन बसली. “मालनकाकू, मला सगळं दाखवा हं. सासूबाईंनी विचारलं तर यायला पाहिजे.” पिशवीतून सगळं काढते तर झारा नाही. रात्री मी स्वतः पिशवीत ठेवला होता असं आठवत होतं. पण आठवणीचाही त्या दिवसांत भरवसा वाटत नव्हता मला. गोदाक्काचा झारा घेतला आणि बसले.

खोबरं झालं, तीळ झाले, खसखस झाली. मिरच्या झाल्या तशा सगळ्यांना ठसका लागला आणि मीही पदर तोंडाला लावून खोकले; तेवढा ठसका वासाशिवायही लागतो. मग धन्यांचं पोतं उघडलं. मळ्यातले नवे आणि दुकानातले जुने, दोन्ही एकत्र केलेले. हिरवट, तांबूस, सगळं मिसळ. रंग बघून काही कळायची सोयच नाही.

पहिली खेप टाकली. कान देऊन ऐकत राहिले, धने तडतडतात का. पण बायका मानपानावर बोलत होत्या, पल्लवी काही ना काही विचारत होती. मी एकदा फाटकाकडं बघितलं, सवयीनं. तिथं कुणी नव्हतं. कधी उतरवू, आता का थोड्या वेळानं? कपाळावरचा घाम कढईत पडेल म्हणून पुसला. शेवटी देवाचं नाव घेऊन उतरवली.

गोदाक्कानं धने चोळले, हुंगले. जरा थांबली.

“जरा पुढं गेले,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बायका बोलायच्या थांबल्या. मी म्हटलं, “जाळ जास्त झाला बहुतेक.”

“झाला असेल, झाला असेल,” गोदाक्का लगेच म्हणाली. तिला माझी लाज राखायची होती, नवरीसमोर. “चूल माझी नवी आहे, तिला काय कळतंय. हिचं नाक कसं आहे ते तुला दाखवते, थांब पल्लवी. मी हिला अशीच शिकवली होती.” आणि ती पोत्याकडं वळली, परातीकडं वळली, पाठमोरीच काहीतरी केलं आणि दोन्ही मुठी मिटून माझ्यासमोर येऊन बसली. “सांग मालन. ह्या हातात काय, ह्या हातात काय? कच्चे कुठले आणि भाजलेले कुठले?”

सगळ्या बायका पुढं सरकल्या. पल्लवीनं टाळी वाजवली.

गोदाक्काची उजवी मूठ माझ्या नाकापाशी आली. मी श्वास घेतला. ती म्हातारीची मूठ, सुरकुतलेली, मेंदीचा जुना रंग नखांवर. एवढंच कळलं. माझे कान तापले. खोटं बोलून बरोबर यायची अर्धी आशा होती, चुकलं की संपलं, कारण ह्या दोन मुठी ओळखता न येणं म्हणजे पोरीबाळींनाही जमेल ते न जमणं.

आणि फाटक वाजलं.

गोदाक्काच्या पाठीमागं, फाटकात, ऊर्मिला उभी होती. हातात माझा झारा. “आत्या, झारा राहिला होता घरी,” ती म्हणाली आणि तिथंच थांबली, आत आली नाही. आणि माझ्याकडं बघत तिनं पदर नाकाला लावला.

“आली बघा,” कुणीतरी म्हणालं. हसू झालं. गोदाक्कानं मागं वळून न बघता दुसरी मूठ पुढं केली. “हं, आणि ह्यात?”

ऊर्मिलेनं पदर खाली घेतला.

“उजव्या हातात कच्चे,” मी म्हटलं. “डाव्या हातात भाजलेले.”

गोदाक्कानं मुठी उघडून पल्लवीला दाखवल्या. “बघ. बघितलंस?” बायकांनी वा वा केलं. पल्लवी माझ्या दंडाला धरून म्हणाली, “कमाल आहे काकू.” मी मात्र फाटकाकडं बघत होते. फाटक अंगणाच्या त्या टोकाला. मधे चूल, चुलीचा धूर, मिरच्यांचा ठसका. मिटलेल्या मुठीतल्या चिमूटभर धन्यांचा वास तिथंवर कुठून जाईल? कुत्र्याला नाही येणार. तिनं फाटकाच्या गजांतून गोदाक्का पोत्यात हात घालताना बघितलं होतं, कुठल्या हातानं घातला ते बघितलं होतं, आणि मला सांगितलं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. आजच नाही. माघापासून. परड्यात हौदाला टेकून ती उभी राहायची, मी तिला महाराणी म्हणायचे, ढेकणावरून चिडवायचे, बायका हसायच्या, आणि ती पदर धरून उभी असायची ती माझ्यासाठी. मग डोक्यात एकेक गोष्ट यायला लागली. तापात तिनं मला धन्याचं पाणी उकळून गाळून दिलं होतं. धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य तिनं हातानं कालवला होता, वाटला होता, खाल्लाही होता. तेव्हा कुठं पदर होता?

“ऊर्मिला, आत ये,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“नको,” गोदाक्का म्हणाली. “झारा घ्या गं तिच्याकडून. पोरी, तू बाहेरच थांब, नाहीतर घरी जा. इथं नाक धरून उभी राहू नको.”

“थांबते आजी बाहेर,” ऊर्मिला म्हणाली. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिथं सावलीचा पत्ता नव्हता. फाटकाच्या गजांतून ती दिसत होती.

आणि मी काय केलं? मी धने भाजले. दुसरी खेप, तिसरी, चौथी, पोतं संपेपर्यंत. कढईतल्या धन्यांचा वास तिच्यापर्यंत पोचत असणार; ती उन्हात उभी, पदर वर, पदर खाली. येणारे जाणारे तिच्याकडं बघून जात होते. गोदाक्का एकेक खेप हुंगून मान डोलवत होती. बायका माझी तारीफ करत होत्या. मी मान वर करायचे ती फक्त फाटकाकडं बघायला आणि तिच्या डोळ्यांकडं न बघता तिच्या हाताकडं बघायचे. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि तरी हात थांबत नव्हता. आता बोलते, ही खेप झाली की बोलते, असं करत सगळं पोतं भाजून झालं.

मग गोदाक्कानं मला पाटावर बसवलं. लग्नाचा मसाला भाजणाऱ्या सवाष्णीची ओटी भरायची तिच्या घरची रीत होती. हळदकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ घेऊन आली. मी पदर पसरला. तिनं ओटी घातली आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, “एक सांगते मालन. हळदीला तू ये, लग्नाला ये. सुनेला नको. नवरीला हळद लागताना कुणी नाकाला पदर लावलेला मला नको. तेवढं तू तिला सांग, मी सांगितलं तर वाईट दिसेल.”

सांगायची गरजच नव्हती. फाटकाबाहेर ती ऐकत होती. तिनं तोंड रस्त्याकडं फिरवलं, एवढंच मला दिसलं.

“गोदाक्का,” मी म्हटलं, “मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. पौषापासून. हिंगाचा येत नाही, रॉकेलचा येत नाही. धन्यांचा येत नाही.”

“अगं काहीतरीच काय बोलतेस? आत्ता मुठी ओळखल्यास की.”

“तिनं ओळखल्या. पदर वर म्हणजे कच्चे, खाली म्हणजे झाले. तुमचं सगळं पोतं तिनं भाजलंय फाटकाबाहेर उभं राहून. पहिली खेप तेवढी माझी होती, ती पुढं गेली.”

चुलीत लाकूड फुटलं. मग मागनं एक बाई म्हणाली, “आणि आमचा मसाला? होळीनंतरचा?”

“तोही तिचाच.”

“म्हणजे आम्ही हसत होतो ते…” पल्लवी म्हणाली आणि थांबली.

“मी हसवत होते,” मी म्हटलं.

गोदाक्का माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ती आता बोलेल, झाडून काढेल, लग्नाच्या मसाल्याशी खेळ केलास म्हणेल. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती पाटाशेजारी खाली बसली आणि म्हणाली, “मला सांगायचं नाहीस होय गं? मी शेजारी बसून सांगितलं असतं झाले म्हणून. माझे हात गेले, तुझं नाक गेलं. दोघींनी मिळून भाजलं असतं. त्यात काय होतं एवढं?”

मी ओटीतल्या नारळाकडं बघत बसले.

मग ती उठली, हळदकुंकवाची कोयरी घेऊन फाटकापाशी गेली, स्वतः फाटक उघडलं. “पोरी, ये आत. माझी चूक झाली. ये, कुंकू लावते, ओटी भरते तुझी.”

ऊर्मिला उन्हानं लाल झाली होती. तिनं गोदाक्काकडं बघितलं, आत बसलेल्या सगळ्या बायकांकडं एकेक करून बघितलं. मग सावकाश पदराचं टोक उचललं आणि नाकाला लावलं.

“नको आजी,” ती गोड आवाजात म्हणाली. “मला वास येतो.”

कुणी हसलं नाही.

आम्ही घरी निघालो. मी पुढं, ती मागं. ओटीचा नारळ पदरात घेऊन चालताना मला चोरीचा माल घेऊन चालल्यासारखं वाटत होतं. देवळाच्या कोपऱ्यावर थांबले आणि ती ओटी तिच्यासमोर धरली. तिनं घेतली नाही.

“कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“दूध करपलं तेव्हापासून. तुम्ही हिंगाची डबी हुंगत होता, मी खिडकीतून बघितलं.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, तुम्हाला नको असेल सांगायला.”

“आणि आजचा झारा?”

“पिशवीतून मीच काढून ठेवला होता. यायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं ना.”

आम्ही जरा चाललो. मग मी म्हटलं, “मी चारचौघींत तुला हसायचे.”

“हसायचाच की.”

“वाईट वाटायचं?”

“वाटायचं,” ती म्हणाली. असू दे, झालं गेलं, असलं काही म्हणाली नाही. मी वाट बघत होते, तिनं तसं म्हणावं म्हणून.

“सुक्या धन्यांचा त्रास होतो का गं तुला?”

तिनं कमरेला खोचलेली छोटी डबी काढली. जेवण झालं की ती ह्या डबीतून चिमूटभर काही तोंडात टाकायची, मला कायम बडीशेप वाटायची. तिनं झाकण उघडून माझ्या तळहातावर ओतलं. धनाडाळ होती, भाजलेली, मीठ लावलेली.

“मला आवडतात धने,” ती म्हणाली. “ढेकणाचा वास ओल्या पानाला येतो. सुक्याला कुठं येतो आत्या?”

तिनं स्वतःही चिमूटभर घेतली, मी तोंडात टाकली. चावली. दाताखाली कुरकुर झाली, मीठ लागलं, बाकी नुसता भुसा.

“कसा आहे वास?” मी विचारलं. “सांग तरी.”

ती विचार करायला लागली. रस्त्यात थांबून, डोळे बारीक करून, चावत चावत, अगदी मन लावून. तिला माझा राग होता, तो तिच्या तोंडावर दिसत होता, पण विचारलेलं नीट सांगायचं एवढंच तिला कळत होतं. “उन्हात वाळलेलं गवत असतं ना,” ती म्हणाली, “त्यात कुणी लिंबाची साल टाकली आणि वरनं हात फिरवला, तसा. आधी लिंबाचा येतो. मग तो जातो आणि गवताचा राहतो. गवताचा एकट्याचा राहिला की उतरवायचं.”

सगळी हयात मी धने भाजले, मला हे असं कधी सांगता आलं नसतं. मी ऐकलं, आणि मला वास आला नाही, पण रडू आलं. भर रस्त्यात रडू नये म्हणून मी पदराचं टोक घेतलं आणि तोंडाला, नाकाला घट्ट लावून चालायला लागले.

समोरून आमच्या गल्लीतली शेवंता येत होती, परवा परड्यात देठं काढायला होती तीच. आम्हा दोघींकडं बघून हसली. “काय मालनकाकू, सुनेचं दुखणं तुम्हालाही लागलं वाटतं?”

ऊर्मिलेनं माझ्याकडं बघितलं.

“हो,” मी पदरातून म्हटलं. “लागलं बाई.”